चूर्णाचा डबा हलवू नये

घाटमाथ्यावरच्या एका गावाहून आमच्याकडे अम्लपित्ताच्या एक वृद्ध रुग्णा अनेक वर्षे येत असत. महिन्यातून एकदा एस.टी.ने यायचे, अविपत्तिकर चूर्णाचा डबा घेऊन जायचे, असा त्यांचा क्रम. एकदा त्या सहज म्हणाल्या, "वैद्यबुवा, डबा नवा असतो तवर औषध नुसतं गोड लागतं. तळाला आलं की मगच चढतं. मग दोन-दोनदा जावं लागतं." आम्ही नेहमीप्रमाणे पथ्याची चौकशी केली. आदल्या दिवशी काय खाल्ले, रात्री उशिरा जेवलात का, पाणी कुठले प्यालात, असे सारे विचारले. आजींनी सगळ्याला नकार दिला आणि थोड्या रागानेच सांगितले की, हे दर महिन्याला होते, आणि डबा संपत आला की होते. दोष रुग्णाच्या पथ्यात नसून आमच्या डब्यात असावा, हे आमच्या ध्यानी यायला पुढे बराच काळ लागला. त्या उशिराची कबुली म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

अविपत्तिकराचा प्रचलित पाठ वाचकांना मुखोद्गत आहे. त्रिकटु, त्रिफळा, मुस्ता, विडलवण, विडंग, एला व पत्र ही अकरा द्रव्ये प्रत्येकी एक भाग, लवंग अकरा भाग, त्रिवृत् म्हणजे निशोत्तर चव्वेचाळीस भाग आणि शर्करा सहासष्ट भाग. एकूण १३२ भागांत निम्मी साखर आणि एक तृतीयांश निशोत्तर. सहा ग्रॅम मात्रेत निशोत्तर दोन ग्रॅम येते. आता असे समजा की, डब्याच्या वरच्या थरात साखर निम्म्याऐवजी दोन तृतीयांश आली आणि तळाच्या थरात एक तृतीयांशच उरली. बाकी द्रव्यांचे आपसातील प्रमाण तेच राहिले, तरी वरच्या सहा ग्रॅममध्ये निशोत्तर १.३३ ग्रॅम भरेल आणि तळच्या सहा ग्रॅममध्ये २.६७ ग्रॅम. म्हणजे चमचा तोच, लेबल तेच, वैद्य तोच, आणि विरेचन द्रव्य मात्र दुप्पट. हे आकडे मोजलेले नाहीत, केवळ समजुतीसाठी मांडलेले गणित आहे. परंतु आजींची तक्रार या गणिताशी फार जुळते.

साखर वर आणि बारीक चूर्ण खाली, असे का व्हावे? याचे उत्तर प्रत्येक मराठी घरात दिवाळीनंतर मिळते. चिवड्याचा डबा पंधरा दिवस उघड-मीट, हलव-ठेव झाला की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वरवर दिसतात आणि तळाशी मीठ, तिखट आणि चुरा यांचा थर साचतो. शेवटची वाटी खाणाऱ्याला ठसका लागतो तो यामुळेच. सुपात धान्य आसडताना आणि घोळताना आपल्या आया-आज्या हाच गुण कामाला लावत आल्या. कणी वेगळी, दाणा वेगळा, खडा वेगळा. हलवण्याने कण मिसळतात असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा हलवण्यानेच ते वेगळे होतात.

भौतिकशास्त्रज्ञांनी या साध्या गोष्टीचा पिच्छा पुरवला आहे, आणि त्यात संगणकाचा वाटा मोठा आहे. १९८७ साली अमेरिकेत रोसाटो, स्ट्रँडबर्ग, प्रिन्झ आणि स्वेंडसेन या चौघांनी 'ब्राझील नट वरच का असतात' अशा अर्थाच्या शीर्षकाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मिश्र सुक्या मेव्याच्या डब्यात ब्राझील नट नावाचे मोठे दाणे वर येऊन बसतात, हा तिकडच्या लोकांचा नित्याचा अनुभव, म्हणून हे नाव. त्यांनी खऱ्या दाण्यांऐवजी संगणकात लहान-मोठ्या चकत्या मांडल्या. सर्व चकत्या एकदम थोड्या उचलायच्या आणि मग त्यांना यदृच्छेने थोडेथोडे सरकत पुन्हा खाली बसू द्यायचे. दोन चकत्यांनी एकमेकींत घुसायचे नाही, एवढाच निर्बंध. अशी उचल-बैठक पुन:पुन्हा केली असता मोठी चकती हळूहळू वर चढत गेली. कारण असे की, प्रत्येक उचलीत मोठ्या कणाखाली थोडी पोकळी होते. तीत एखादा लहान कण सहज शिरतो. मोठ्याला खाली यायचे तर त्याच्याखालच्या अनेक लहानांनी एकाच वेळी बाजूला व्हावे लागते, आणि असा योग क्वचित येतो. लहानांना खाली जाण्याच्या वाटा अनेक, मोठ्याला जवळजवळ नाही. जड-हलक्याचा विचारही न करता केवळ आकारमानावरून इतके घडते.

संगणकावर एखादी प्रक्रिया उभी करून पाहण्याच्या या रीतीला आपण प्रतिरूपण म्हणू. व्यवहारात सिम्युलेशन हाच शब्द रूढ आहे. कणांच्या बाबतीत तिची अधिक समर्थ पद्धत त्याआधीच, १९७९ साली, कुंडल आणि स्ट्रॅक यांनी मांडली होती. तीत प्रत्येक कणाची जागा, वेग आणि गिरकी यांची स्वतंत्र नोंद ठेवतात. दोन कण भिडले की त्यांच्यामध्ये एक स्प्रिंग आणि एक झटकाशोषक आहे असे मानून परस्परांवरील बल काढतात, आणि न्यूटनच्या नियमाने पुढच्या अतिसूक्ष्म क्षणाची स्थिती ठरवतात. मग पुन्हा तेच. एका सेकंदाच्या हालचालीसाठी अशी लक्षावधी पावले टाकावी लागतात. औषधनिर्माणाचे मोठे कारखाने आपल्या मिश्रणयंत्रांचा अभ्यास आज या पद्धतीने करतात.

मात्र 'मोठे वर, लहान खाली' एवढेच सूत्र घोकून कोणी निघाला तर तो फसेल. १९९३ साली शिकागो विद्यापीठातील नाइट, येगर आणि नेगल यांनी काचेच्या मण्यांनी भरलेले उभे नळकांडे ठरावीक अंतराने उडवून पाहिले. त्यांना आढळले की मध्यभागी सगळेच मणी, लहान आणि मोठे, सारख्याच गतीने वर येतात, आणि भिंतीलगतच्या अतिशय पातळ थरातून खाली उतरतात. उकळत्या काढ्यातला भोवरा डोळ्यांपुढे आणावा. मोठा मणी वर पोहोचतो खरा, परंतु खाली नेणारा थर त्याच्या मानाने फार अरुंद, म्हणून तो वरच अडकतो. पात्राच्या भिंती वर पसरत जाणाऱ्या, शंकूसारख्या केल्या तर हाच ओघ उलटतो. म्हणजे कण तेच, हलवणे तेच, पण पात्र बदलले की फळ बदलते. पुढे २००१ साली हाँग, क्विन आणि लुडिंग यांनी प्रतिरूपणातून दाखवले की आकारमान आणि वजन यांच्या काही विशिष्ट जोड्यांत मोठे कण तळाशीही जाऊ शकतात. २००३ साली जर्मनीत बायरॉइट येथे प्रयोगानेही ते दिसले. त्याच २००१ साली शिकागोच्या गटाने आणखी एक गोष्ट नोंदवली. मोठ्या कणाचा वर येण्याचा वेळ त्याच्या घनतेवर अवलंबून असतो, पण पात्रातील हवा काढून घेतली की घनतेचा हा परिणाम नाहीसा होतो. कणांमधल्या हवेचाही यात हात आहे तर.

आणखी एक प्रयोग येथे सांगणे अगत्याचे वाटते. २०२१ साली मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी शेंगदाणे आणि ब्राझील नट यांचे मिश्रण हलवीत क्ष-किरणांनी त्याची त्रिमिती चित्रे क्रमाने घेतली. गोल मण्यांवरून जे कळले नव्हते ते येथे दिसले. लांबट नट प्रथम आडवा पडलेला असतो. तो आजूबाजूच्या दाण्यांच्या धक्क्यांनी उभा होतो, आणि त्यानंतरच वर चढतो. काही नट तर अखेरपर्यंत तळाशीच अडकून राहिले. आपल्या चूर्णात गोल मणी कुठे असतात? सालीचे तंतू, लवंगेचा तेलकट भुगा, साखरेचे कोनदार स्फटिक, वेलदोड्याच्या बियांचे कण. संगणकातील गुळगुळीत गोळ्यांवरून आपल्या खलातल्या द्रव्यांविषयी थेट निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा, हे आम्ही येथेच नमूद करतो.

संख्येची अडचण वेगळीच. शंभर मायक्रॉन व्यासाचे कण धरले, घनता दीड धरली, तरी एका ग्रॅम चूर्णात बारा ते तेरा लाख कण येतात. शंभर ग्रॅमच्या डब्यात बारा-तेरा कोटी. कण दहा मायक्रॉनचे असतील तर याच्या हजारपट. प्रतिरूपण करणारा म्हणून थोड्या, मोठ्या, गोल कणांवर काम भागवतो आणि त्या मर्यादेत सत्य सांगतो. नाडी पाहून सर्व शरीराचा अंदाज करणाऱ्या आपण वैद्यांनी त्याला यासाठी फार हसू नये.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चूर्ण अत्यंत शुष्क द्रव्यांचे, चांगले कुटलेले आणि वस्त्रगालित असावे, असे शार्ङ्गधरांनी सांगितले आहे. भारत सरकारच्या आयुर्वेदिक योगसंग्रहातही चूर्ण किमान ८० क्रमांकाच्या चाळणीतून गेलेले असावे असा निर्देश आहे. या चाळणीचे छिद्र ढोबळमानाने १८० मायक्रॉनचे. आमचे काही ज्येष्ठ सहकारी यावर म्हणतील, "मग प्रश्नच कोठे उरला? वस्त्रगाळ केले की झाले." त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. अतिसूक्ष्म कण परस्परांना चिकटून राहतात, सुटे घरंगळत नाहीत, आणि म्हणून सहजी वेगळेही होत नाहीत. वस्त्रगाळ चूर्णाचा आग्रह शोषणासाठी व रुचीसाठी असेल, पण त्याने मिश्रणही टिकते. परंतु चाळणीतून गेले याचा अर्थ कण १८० मायक्रॉनपेक्षा मोठे नाहीत एवढाच. त्यात १५० चे असतील तसे ५ चेही असतील. शिवाय साखर, लवण ही द्रव्ये वेगळी कुटून शेवटी मिसळावीत अशी रीत आहे. रीत योग्य आहे. पण ती पाळताना साखर जाडसरच टाकण्याची सवय आपल्यातील अनेकांच्या हाताला लागली आहे. बारीक साखर दमट हवेत गोळा होते, कोकणात तर चार दिवसांत दगड होते, म्हणून जाड बरी, असा हा व्यवहार. गोळा होऊ नये म्हणून आपण साखर सुटी ठेवतो, आणि सुटी ठेवतो म्हणूनच ती वर येते.

आजींच्या तक्रारीनंतर आम्ही एक साधी चाचणी केली. जाडसर साखर घालून नेहमीप्रमाणे केलेले अविपत्तिकर काचेच्या उभ्या बरणीत भरले आणि बरणी लाकडी फळीवर बराच वेळ हलके हलके आपटली. मग वरचे आणि तळचे समभार चूर्ण वेगवेगळे पाण्यात ढवळून गाळले, गाळ सुकवून तोलला. तळच्या चूर्णाचा गाळ उघड जास्त भरला. विडलवण आणि वनस्पतींतील विद्राव्य अंशही पाण्यात जातात, म्हणून ही चाचणी स्थूलच आहे, तिला संशोधन म्हणण्याचे धाडस आम्ही करत नाही. नंतर तीच साखर इतर द्रव्यांइतकी बारीक करून, खलात सर्वांबरोबर घोटून पुन्हा तसेच केले. त्या वेळी फरक तराजूला जाणवण्याजोगा राहिला नाही.

घोटण्याचे महत्त्व येथे आहे. १९७५ साली हर्सी यांनी चूर्णमिश्रणाविषयी एक नवी कल्पना मांडली. मोठ्या कणांच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म कण चिकटून बसले तर मिश्रण यदृच्छेवर अवलंबून राहत नाही, ते एक प्रकारे सुव्यवस्थित होते, आणि हलवल्याने सुटत नाही. भस्म आणि वनस्पतिचूर्ण यांच्या मिश्रणात नेमके हेच साधावे लागते. रेखापूर्ण भस्म इतके सूक्ष्म असते की ते नीट मर्दन केल्यास चूर्णकणांना बिलगते. पण कागदावर चूर्णाचा ढीग, त्यावर चिमूटभर प्रवाळपिष्टी, त्यावर अभ्रक, चमच्याने चार वेळा वर-खाली, आणि लगेच साठ पुड्या, ही आपल्या दवाखान्यांतली घाईची रीत पाहिली म्हणजे पहिल्या पुडीत आणि साठाव्या पुडीत किती अभ्रक गेले असेल, याचा विचार करवत नाही. वत्सनाभ किंवा कुपीलु असलेला कल्प असेल तर हा विचार करावाच लागेल. साखर कमी-जास्त झाली तर रुग्णाला एक जुलाब जास्त होईल. तेथे तसे नाही.

सितोपलादीचे उदाहरण मोठे रम्य आहे. सितोपला सोळा, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन, दालचिनी एक. आता हीच यादी उलट्या क्रमाने वाचा. दालचिनी एक भाग, तीत वेलदोडा दोन, झाले तीन. त्यांत पिंपळी चार, झाले सात. त्यांत वंशलोचन आठ, झाले पंधरा. त्यांत खडीसाखर सोळा, झाले एकतीस. पहिली पायरी सोडली तर प्रत्येक पायरीला, आधी तयार झालेल्या मिश्रणाहून केवळ एकाच भागाने अधिक असे नवे द्रव्य येते. अल्प द्रव्य पुष्कळ द्रव्यात समान मिसळायचे तर दर वेळी जवळजवळ तितकेच नवे द्रव्य घालून घोटत जावे, हा आधुनिक औषधनिर्माणाचा पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा नियम येथे आपोआप पाळला जातो. यावरून प्राचीनांना कणभौतिकी ठाऊक होती असा डांगोरा पिटणे आम्हास मान्य नाही. पाठात क्रम उतरता आहे, आणि दुप्पट-दुपटीची योजना रसगुणांच्या विचाराने केलेली असणे अधिक संभवते. परंतु पाठाने जी सोय करून ठेवली आहे तिचा लाभ न घेता पाचही द्रव्ये एकदम मिश्रणयंत्रात ओतणे, हा मात्र आपला आळस आहे.

ओतण्याविषयीही दोन शब्द. हलवण्याइतकेच, किंबहुना अधिक, वेगळेपण ओतताना घडते. सुट्या मिश्रणाचा ढीग केला की जाड कण उतारावरून घरंगळत कडेला जातात आणि बारीक कण मध्यभागी राहतात. पिंपातून नरसाळ्याने डबे भरताना पहिल्या आणि शेवटच्या डब्यातील माल याच कारणाने निराळा होऊ शकतो. तेव्हा पिंपातील एकच नमुना तपासून सर्व घाण्यास उत्तम म्हणणारे प्रमाणपत्र हाती आले तर ते कोणत्या थराचे, हे विचारण्याचा अधिकार आपण वापरला पाहिजे.

आता लेबलाकडे येऊ. आसव-अरिष्टांच्या आणि काढ्यांच्या बाटलीवर 'हलवून घ्यावे' असे छापतात ते योग्यच, कारण द्रवात गाळ बसतो. तीच सूचना सवयीने चूर्णाच्या डब्यांवरही छापलेली आम्ही पाहिली आहे, आणि आम्ही स्वत: रुग्णांना ती तोंडी वर्षानुवर्षे देत आलो. सुट्या, जाड साखरेच्या चूर्णाला ती उलट बाधते. आजी आमच्या सांगण्यावरून रोज सकाळी डबा दहा वेळा हलवत होत्या! आमच्या मते चूर्णाच्या डब्यावर 'हलवू नये, कोरड्या चमच्याने तळापासून वर-खाली करून घ्यावे' असे लिहावे. त्याहून बरे म्हणजे तीव्र द्रव्य असलेले मिश्र चूर्ण महिन्याच्या डब्यात देऊच नये. आठवड्यापुरते घोटावे, तोलून पुड्या बांधाव्यात. नजरेने वाटण्या करण्याची कला आपल्यात पिढीजात आहे. तिचा आदर राखून सांगतो की, दोनशे मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा आता कोणाही वैद्याच्या आवाक्यात आहे. विषवर्गीय द्रव्यांचे कल्प वटीरूपातच द्यावेत. ओले घोटून वळलेल्या वटीतून एस.टी.चे धक्के काही वेगळे काढू शकत नाहीत.

आपल्या संघटनेकडे आमची एक मागणी आहे. भैषज्यकल्पना विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी विषय शोधून देताना आपली दमछाक होते, आणि तेच तेच प्रबंध निघतात. त्याऐवजी दहा प्रचलित चूर्णे घ्यावीत, ती तयार झाल्यावर, डब्यात भरल्यावर आणि प्रवास करून आल्यावर, अशा तीन वेळी वर-मध्य-तळ असे नमुने काढावेत आणि प्रत्येकातील मुख्य द्रव्य मोजावे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कणांचे प्रतिरूपण करू शकणारा प्राध्यापक शोधणे आज अवघड नाही. त्याला आपल्या द्रव्यांचे खरे आकारमान, घनता आणि चिकटपणा मोजून द्यावा, मग त्याच्या संगणकाला प्रश्न विचारावा की, साखर किती बारीक केली म्हणजे ती वर येणे थांबेल? डबा उंच घ्यावा की बसका? पाऊण भरावा की काठोकाठ? काठोकाठ भरल्यास कणांना उडायला जागा राहत नाही, म्हणून ते हितावह असावे असा आमचा तर्क आहे. तो चुकीचा ठरला तरी आम्हास आनंदच होईल, कारण मग कोणीतरी मोजलेले असेल.

आजींना आम्ही पुढे अविपत्तिकर शर्करेसह बारीक घोटून, पुड्या बांधून देऊ लागलो. पुढच्या खेपेस त्यांनी सांगितले की, आता औषध सुरुवातीपासून तेवढेच गोड आणि तेवढेच तिखट लागते. मात्र रिकामा डबा मिळत नाही, ही त्यांची नवी तक्रार होती.